लपलेलं सौंदर्य, रविवारी अकरा वाजता

धानोऱ्याच्या पुढे रस्त्याच्या डावीकडे जंगल आहे, उजवीकडे जंगल आहे, समोर वळण आहे आणि वळणानंतर पुन्हा जंगल आहे. अशा ठिकाणी एकही बाग नाही ही उणीव इतक्या वर्षांत आपल्या लक्षात कशी आली नाही, याचं कन्हारटोल्याच्या लोकांना नंतर फार आश्चर्य वाटलं. ती लक्षात आली महोत्सव समितीच्या. समितीने ठराव केला की निसर्गाचं लपलेलं सौंदर्य जनतेला दिसावं म्हणून गावाबाहेरच्या जुन्या लाकूड डेपोच्या मैदानावर पाच दिवसांची बाग उभारावी, आणि पाच दिवस झाले की ती उचलून न्यावी. त्यानंतर सौंदर्य पुन्हा लपायला मोकळं.

बागेची रचना करायला राजदीप नावाचे तज्ज्ञ पुण्याहून आले. मुळात ते ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेले. तिथे रस्त्याकडेची झाडं एका ओळीत उभी असतात आणि त्यांच्या खोडांना कमरेपर्यंत गेरू आणि चुना लावलेला असतो. झाड म्हणजे काय याबद्दलची त्यांची समजूत लहानपणी अशी पक्की झाली होती, आणि पुण्यात तिच्यावर पदवीचा शिक्का बसला. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी हसून बोलायचा आणि बोलताना दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून समोरच्याकडे बघायचा.

त्यांच्या मदतीला एक स्थानिक तज्ज्ञ हवा होता, म्हणून लटारू गुरनुलेंना बोलावणं गेलं. लटारूभाऊंनी चौतीस वर्षं रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरली होती. निवृत्त होताना त्यांना नारळ, शाल आणि त्यांनीच वाढवलेलं एक रोप मिळालं. त्यांच्याजवळ एक जुनी वही होती. कोणत्या वर्षी पळस कधी फुलला, तेंदूला पालवी कधी आली, मोह कधी गळायला लागला, हे सगळं ते बारीक अक्षरात तिच्यात लिहीत. ती वही त्यांनी कधी कोणाला दाखवली नाही. आपण लिहिलेलं चुकीचं असेल अशी त्यांना रोज शंका यायची, आणि बरोबर असेल तर लोक विचारतील, त्याची तर जास्तच भीती वाटायची. समितीने त्यांच्या गळ्यात ‘स्थानिक तज्ज्ञ’ असं लिहिलेलं ओळखपत्र अडकवलं. ते छातीवर उलटं पडायचं. लटारूभाऊ ते सरळ करत नसत.

सोमवारी सकाळी राजदीप मैदानावर उभे राहिले आणि त्यांनी हातांची चौकट सगळीकडून फिरवली. कुंपणापलीकडे पळस असा फुलला होता की वणवा लागल्यासारखं वाटावं.

“हे बाहेरचं फार आत येतंय,” राजदीप म्हणाले. “फोकस जातो. चारी बाजूंनी हिरवी जाळी लावू.”

मंडपवाले मुश्ताकभाई कोळसा खाणींच्या घुग्घुसहून आले होते. तिथे पांढरा कपडा संध्याकाळपर्यंत राखाडी होतो, म्हणून त्यांचा सगळा जीव हिरव्या रंगावर. ते खूश झाले. “किती उंच लावू, साहेब?”

“जंगल दिसू नये इतकी.”

“बारा फुटात झाकते जंगल,” मुश्ताकभाई अनुभवाने म्हणाले.

मग चौकट ईशान्येच्या कोपऱ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड होतं. मार्च अर्धा उलटला होता, त्यामुळे अंगावर एक पान नव्हतं. फांद्यांच्या टोकांना तपकिरी झुपके होते, पण ते दिसायला मान वर करावी लागते, आणि चौकटीत तेवढी उंची मावत नव्हती.

“हे वाळलेलं झाड काढून टाकू. इथे स्टेज येईल.”

डेपोची जमीन सरकारी होती, पण झाड वच्छलाचं होतं. वच्छला त्यांची धाकटी बहीण, याच गावात दिलेली. या भागात मोहाच्या झाडाला सातबारा नसतो, तरी कोणतं झाड कोणत्या घरचं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. हे झाड वच्छलाच्या सासूने वेचलं, आणि सासू गेल्यावर वच्छला वेचते. दुसरं कोणी तिथे टोपली घेऊन जात नाही. मोह गळतो तीन आठवडे, त्याची फुलं वाळवून विकली की त्यावर वच्छलाचं घर वर्षभर उभं असतं. हे सगळं सांगायला लटारूभाऊंनी तोंड उघडलं. त्यातून जे निघालं ते असं होतं:

“साहेब... ते... जिवंत आहे.”

“असेल. माझा त्याला विरोध नाही,” राजदीप समजुतीने म्हणाले. “पण दिसायला नको का, काका?”

“दोन-चार दिसात फुलं गळतीन, साहेब. वहीत... म्हणजे दरसाल याच टायमाले गळते.”

“ठीक आहे. शुक्रवारपर्यंत मला त्या झाडाखाली फुलं दाखवा. दाखवलीत तर झाड राहील, स्टेज हलवू. नाहीतर शनिवारी काढू. रविवारी अकरा वाजता उद्घाटन आहे.”

इतकी उदार अट आयुष्यात कोणी लटारूभाऊंपुढे ठेवली नव्हती. ते घरी गेले आणि त्यांनी वहीत मागची बारा वर्षं पुन्हा तपासली. मोहाने एकदाही दगा दिला नव्हता. तरी त्यांना वाटलं, दगा द्यायचा तर तो याच वर्षी देईल.

मोहाने दगा दिला नाही. बुधवारी पहाटे गळ सुरू झाली. लटारूभाऊंनी नऊपर्यंत कसाबसा दम धरला आणि दहा वाजता राजदीपना घेऊन ते झाडाखाली आले. जमीन आरशासारखी स्वच्छ होती. एक फूल नाही.

आता हे लटारूभाऊंना कळायला हवं होतं. मोह पहाटे गळतो. वच्छला चारला उठते, गळ सुरू व्हायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून जाळते, आणि उजाडेपर्यंत एकेक फूल टिपून टोपलीत टाकते. फांदीवर उरलेली आठ-नऊपर्यंत टपकतात, तीही ती सोडत नाही. ऊन झाडाखाली येईल तेव्हा तिथे एक फूल दिसता कामा नये, हा तिच्या सासूचा दंडक. चौतीस वर्षं झाडांची नोंद ठेवणाऱ्या माणसाने बहिणीची नोंद ठेवली नव्हती.

राजदीपनी जमीन पाहिली, झाड पाहिलं आणि नाक ओढलं. “इथे कसला तरी वास येतोय. काहीतरी आंबल्यासारखा.”

“तो मोहाचाच, साहेब...”

“मुश्ताकभाई, जरा स्प्रे मारा इथे. गुलाब आहे ना?”

गुलाब होता. मुश्ताकभाईंच्या माणसाने मोहाला गुलाबाचा वास मारला.

गुरुवारी लटारूभाऊ वच्छलाच्या अंगणातून पळसाच्या द्रोणात ओंजळभर ताजी फुलं घेऊन गेले. राजदीपनी एक फूल चिमटीत धरून फिरवून पाहिलं. फिकट पिवळं, मांसल, रसाने फुगलेलं. “हे फूल आहे? पाकळ्या कुठे आहेत? मण्यासारखं दिसतंय.” मग त्यांनी ते हळूच द्रोणात परत ठेवलं. “काका, तुमच्या ओंजळीत दिसून काय उपयोग? लोकांना झाडाखाली दिसलं पाहिजे.”

“तर मग सकाळी पाच वाजता या ना, साहेब. पाहण्यासारखं असते.”

हे वाक्य आपण बोललो यावर लटारूभाऊंचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. राजदीप मोकळेपणी हसले.

“बागेची वेळ अकरा ते सात आहे, काका.”

आता एकच मार्ग उरला होता, आणि तो वच्छलाच्या अंगणातून जात होता. संध्याकाळी ते गेले तेव्हा वच्छला वाळलेला मोह उलटापालटा करत होती.

“वच्छे, उद्या एक दिवस वेचू नको.”

तिने मान वर केली. “काऊन?”

“साहेबाले दाखवाचं आहे. खाली पडलेला.”

“माह्या आंगनात पसरला आहे तो काय साबुदाना आहे? म्हना त्याले, इथी येऊन पाह्य.”

“त्याले झाडाखालीच पाह्यजे म्हंते.”

“पडलेला मोह तसाच ठेवू? तुले ताप आला का, दादा?” ती उठलीच. “सासूनं चाळीस साल एक फूल सोडलं नाई. मी ढीगभर पडू देऊ? बाया म्हनतीन, वच्छलाचे हातपाय गेले.”

लटारूभाऊंनी जमिनीकडे बघत सांगून टाकलं, “नाई दिसला तं झाड तोडून राह्यले. शनिवारी.”

वच्छला हातातला मोह चोळत राहिली.

“अन् तू काय करून राह्यला तिथी? तो पट्टा गळ्यात घालून?”

“मी सांगतलं त्याईले. जिवंत आहे म्हनून.”

“बैलाच्या गळ्यात घंटी असते तं ती वाजते तरी.” ती पुन्हा खाली बसली. “एकच दिवस. उद्याचा. मंग मले सांगू नको.”

शुक्रवारी पहाटे वच्छला सवयीने उठली, पण अंगणाबाहेर पडली नाही. चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. तिकडे डेपोच्या कोपऱ्यात मोह असा गळला की वर्षातून एखाद्याच दिवशी गळतो. सगळी जमीन पिवळी झाली. लटारूभाऊ फटफटल्यावर लांबून बघून आले, आणि चोरी केल्यासारखे पावलं न वाजवता परतले. घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. मनातल्या मनात त्यांनी दोन वाक्यंही पाठ केली: “साहेब, बघा. हा मोह.”

दहा वाजता ते राजदीपना घेऊन आले. जमीन आरशासारखी स्वच्छ होती.

घडलं ते असं. सहाच्या सुमाराला शेजारची रिना आपल्या झाडाकडे जाताना तिथून गेली आणि थबकली. वच्छलाकाकूचा मोह खाली पडून, आणि वच्छलाकाकू नाही! याचा अर्थ एकच होऊ शकतो. तिने हाक मारून इतर बायांना बोलावलं. वेचणारीण आजारी असली तर तिचा मोह बाकीच्यांनी वेचून तिच्या घरी पोचवायचा, आणि त्यातलं एक फूलही आपल्या टोपलीत जाऊ द्यायचं नाही, ही गावची रीत. पाच बायांनी आपापली झाडं तशीच सोडून, शेवटचं फूल टपकेपर्यंत थांबून नऊच्या आत ते झाड निपटून काढलं.

“काकू, दुखते का काई?” रिनाने भरलेल्या टोपल्या अंगणात ठेवल्या. “आमी आहो ना. दोन दिवस उठू नोका. आमी वेचून देतो.”

वच्छलाने टोपल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडांकडे. इतक्या मायेने कोणी एखाद्याचं झाड तोडायला मदत केलेली तिने पाहिली नव्हती. ती म्हणाली, “चहा प्या,” आणि आत जाऊन रडली.

दुपारी समितीचे सचिव आदेश साहेब पंचनामा घेऊन आले. तो आधीच टाईप केलेला होता. पंचांनी जागेवर येऊन काय पाहिलं ते त्यात पंचांनी पाहायच्या आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे बराच वेळ वाचला. मजकूर असा: ‘सदर मोहाचे झाड पूर्णतः वाळलेले असून उद्यानाच्या शोभेस बाधा आणते, करिता ते तात्पुरत्या स्वरूपात तोडण्यात यावे.’

मुश्ताकभाईंनी मान वाकडी करून वाचलं. “साहेब, तात्पुरतं तोडते म्हणजे कसं? मंग परत जोडता काय?”

“बाग तात्पुरती आहे ना? मग फाईलमधलं सगळंच तात्पुरतं,” आदेश साहेब म्हणाले. “इथे सही, गुरनुलेजी. स्थानिक तज्ज्ञ म्हणून.”

लटारूभाऊंनी पेन घेतलं. आयुष्यात त्यांनी न वाचता पुष्कळ सह्या केल्या होत्या, आणि वाचून तर त्याहून जास्त. नाही म्हणावं असा विचार त्यांच्या मनात आला, पण नाही म्हणायला तोंड लागतं. लिहायला हात पुरतो. सहीच्या वर थोडी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी वहीत लिहितात तसल्या बारीक अक्षरात लिहिलं: ‘झाड जिवंत आहे. गळ सुरू आहे. पहाटे येऊन पाहावे.’ आणि खाली सही केली. घाईत ‘पाहावे’चा काना पुढच्या ओळीवर गेला.

आदेश साहेबांनी कागद घेतला, सही आहे एवढं पाहिलं आणि पिशवीत टाकला. कागद वाचायचा असतो ही शंका कार्यालयात कोणाला येत नाही. लटारूभाऊ घरी गेले. आपण काहीतरी भयंकर केलं असं त्यांना वाटत होतं, आणि आपण काहीच केलं नाही असंही.

झाड तोडायला शनिवारची पहाट ठरली. दिवसा बाया जमतात, आरडाओरडा होतो, असा आदेश साहेबांचा सल्ला होता. स्वतः आदेश साहेब मात्र पहाटेचे उठत नसल्यामुळे राजदीपच्या हाती कागद देऊन मोकळे झाले. त्यामुळे जे राजदीप पाच वाजता निसर्ग पाहायला उठले नसते, ते निसर्ग तोडायला उठले. जाकीट घालून, जांभया देत ते झाडाखाली उभे राहिले. मुश्ताकभाई जाळी बाजूला करायला आले होते. आणि लटारूभाऊ आले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तोडायला इसरू आला. इसरू गावातला सगळ्यात कसबी लाकूडतोड्या. तरुणपणी एकदा साहेबांच्या तोंडी हुकमावर त्याने झाड पाडलं, आणि मग साहेब म्हणाले, मी कुठे सांगितलं? त्यानंतर त्याने दोन गोष्टी केल्या: चाळिशीत वाचायला शिकला, आणि कागद वाचल्याशिवाय कुऱ्हाड लावणं सोडलं. आजूबाजूच्या पाच गावांत कागद अथपासून इतिपर्यंत वाचणारा तो एकटाच.

“कागद आना,” इसरू म्हणाला.

राजदीपनी मोबाईलचा उजेड धरला. इसरूने कुऱ्हाड झाडाला टेकवली आणि ओळीवर बोट ठेवलं.

“मा... हो... त्सव. महोत्सव. स... मि... ती.”

“ते सोडा, खाली वाचा.”

“खालीच येऊन राह्यलो जी. दि... नां... क.”

दिनांक झाला, जावक क्रमांक झाला, गोल शिक्क्यातली अक्षरं कागद फिरवून झाली. पूर्वेला जरा फटफटलं. ‘पूर्णतः’पाशी विसर्गावर तो अडकला, बराच वेळ अडकला, मग सुटला. राजदीप एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत होते. शेवटी बोट निळ्या शाईवर आलं.

“झा... ड. झाड. जि... वं... त. जिवंत. आ... हे.” इसरूने मान वर केली. “झाड जिवंत आहे.”

“काय?” राजदीप म्हणाले.

“वरतं लिवलं वाळलं. खालतं लिवलं जिवंत. कोन्तं खरं?”

“वरचं! वरचं टाईप केलेलं आहे!”

“पन सही तं खालच्याखाली आहे जी,” इसरू शांतपणे म्हणाला. “सही ज्याच्या खाली, ते खरं. कोनाची आहे ही?”

सगळे लटारूभाऊंकडे वळले. लटारूभाऊंना जमिनीत जावंसं वाटलं. ओळखपत्र छातीवर उलटं होतं. त्यांनी ते सरळ केलं.

“माही,” ते म्हणाले.

“काका, हे तुम्ही कधी...” राजदीपनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात टप् असा आवाज झाला. इसरूच्या हातातल्या कागदावर, बरोबर गोल शिक्क्यावर, एक फूल पडलं होतं. मग दुसरं राजदीपच्या खांद्यावर. मग तिसरं, चौथं, आणि मग मोजायची सोय राहिली नाही. वाऱ्याचा मागमूस नव्हता, फांदी हलत नव्हती, आणि तरी उघड्या झाडातून अंधूक उजेडात पिवळी फुलं उतरत होती. सगळीकडे नुसता टप् टप् आवाज, आणि तो गोड, जड वास, ज्याच्यापुढे गुलाबाचा स्प्रे तीन दिवसांपूर्वीच हरला होता.

मुश्ताकभाईंनी टोपी काढून उलटी धरली आणि तिच्यात चार फुलं पडू दिली. राजदीप मान वर करून बघत होते. दोन्ही हात खाली लोंबत होते, आणि चौकट करायची त्यांना आठवण नव्हती.

इतक्यात जाळीच्या फटीतून टोपली आत आली आणि तिच्यामागे वच्छला. झाड तोडणार तर शेवटचा मोह वेचून घ्यावा म्हणून ती आली होती. तिने कुऱ्हाड पाहिली, इसरू पाहिला, आणि मग तिची नजर खाली गेली.

“ओ साहेब! बूट उचला. मोहावर उभे आहा.”

राजदीपनी पाय उचलला. दुसरा कुठे ठेवावा हे न कळून ते काही वेळ एका पायावर उभे राहिले.

“हे रोज असं होतं?” त्यांनी विचारलं.

“तुमी झोपता तवा,” वच्छला म्हणाली आणि वेचायला बसली.

उजाडेपर्यंत ते तिथेच होते. त्यांनी एक फूल खाल्लंही. सूर्य वर आला, राजदीप भानावर आले, खिशातून मोबाईल निघाला, आणि हातांची चौकट पुन्हा तयार झाली.

“हेच तर होतं माझ्या कॉन्सेप्टमध्ये,” ते मुश्ताकभाईंना म्हणाले. “स्टेज हलवा. हे झाड मध्यवर्ती. फक्त हे अकरा वाजता व्हायला पाहिजे.”

“झाड ऐकते का, साहेब?”

“पाहुणे पाच वाजता येणार नाहीत, मुश्ताकभाई.”

मुश्ताकभाईंनी डोकं खाजवलं. लग्नात वधूवरांवर वरून फुलं पाडायचा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता. “दोन माणसं वर बसवतो. खाली मोह पाडतीन. पन मोह बाईचा आहे. बाईले विचारा.”

वच्छलाने अट घातली: रविवारी पहाटेचा मोह ओल्या फडक्यात ठेवून देईन, पण जितका पाडाल तितका सगळा परत वेचून नेईन. कोणी अडवायचं नाही.

रविवारी प्रमुख पाहुणे अकराच्या ऐवजी साडेबाराला आले. मुश्ताकभाईंची दोन माणसं अंगाला हिरवी जाळी गुंडाळून दीड तास झाडावर बसली होती. पानं नसलेल्या झाडावर दोन हिरवी माणसं लांबूनही स्पष्ट दिसत होती, पण कोणी पाहिली नाहीत. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि बाकीचे पाहुण्यांकडे. राजदीपनी खूण केली. टोपल्या उलटल्या. फुलं टाळ्यांच्या कडकडाटात पाहुण्यांच्या फेट्यावर पडली.

“अशा दुर्गम भागात,” पाहुणे सद्गदित होऊन म्हणाले, “इतकी सुंदर फुलं पुण्याहून आणून फुलवली, याबद्दल समितीचं अभिनंदन!”

भाषण रंगात आलं होतं. वच्छला टोपली घेऊन पुढे आली आणि पाहुण्यांच्या पायाशी बसली. आदेश साहेब घाबरून उठले, पण सूत्रसंचालकाने प्रसंग ओळखला. “आणि आता, पारंपरिक मोहवेचणी! सादर करत आहेत श्रीमती वच्छलाबाई!”

“भाऊ, पाय उचला,” वच्छला पाहुण्यांना म्हणाली.

पाहुण्यांनी पाय उचलला. पुन्हा टाळ्या. चिरडलेली फुलंसुद्धा तिने सोडली नाहीत. एक पाहुण्यांच्या फेट्यात अडकलं होतं, तेही हात वर करून काढून घेतलं. ते दृश्य दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, लोककलेच्या पानावर.

शुक्रवारी बाग उठली. कृत्रिम हिरवळ गुंडाळली गेली, पांढऱ्या कुंड्या ट्रकमध्ये चढल्या, जाळी निघाली आणि तिच्यामागून जंगल पुन्हा वर आलं. पळसाचा बहर तोवर ओसरला होता. तो पाच दिवस बारा फुटांमागे फुलला होता. राजदीप जाताना लटारूभाऊंना नमस्कार करून गेले आणि म्हणाले, “काका, वही कधी दाखवा.” वही आहे हे त्यांना कसं कळलं, या विचाराने लटारूभाऊंना दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. मागे राहिला तो फक्त एक लांबरुंद बॅनर: ‘पहाटेचा पाऊस. संकल्पना: राजदीप.’ वच्छलाने तो अंगणात पसरला. मोह वाळवायला इतकं चांगलं कापड तिला आजवर मिळालं नव्हतं.

हे सगळं इथे संपलं असतं, पण कागद आपल्या वाटेने चालत होता. मे महिन्यात, झाडाला हिरवी फळं धरली होती तेव्हा, समितीचं पत्र आलं. पंचनाम्यानुसार दिनांक अमुक रोजी तोडण्यात आलेल्या मोहाच्या झाडाचे लाकूड कोठे ठेवण्यात आले आहे, याचा खुलासा स्थानिक तज्ज्ञांनी आठ दिवसांत करावा.

लटारूभाऊंनी चार दिवस उत्तर लिहिलं. पहिल्या मसुद्यात माफी मागितली, दुसऱ्यात मोहाच्या ऋतुचक्राचं वर्णन केलं, तिसरा फाडला. पाचव्या दिवशी वच्छला आली तेव्हा ते एक ओळ लिहून त्या ओळीकडे बघत बसले होते.

“काय लिवलं?”

त्यांनी वाचून दाखवलं. “लाकूड झाडातच आहे.”

वच्छलाने विचार केला. “खोटं तं नाई त्यात काई.”

“पन लहान वाटते का? अजून थोडं लिहू?”

“कायले? एवढंच लिही.” तिने टोपली उचलली. “अन् खाली सही ठोक. इसरू म्हंते, सही ज्याच्या खाली तेच खरं रायते.”

लटारूभाऊंनी सही केली. या वेळी एकही काना ओळीबाहेर गेला नाही.